तणाचा वाफा

पूर्णिमाचं लग्न होऊन ती इचलकरंजीला नांदायला गेली, त्या साली दसरा उलटला तरी पाऊस हटला नव्हता. सोयाबीन काढायला आलेलं आणि रानात घोट्याएवढा चिखल. शेंगांना झाडावरच मोड यायला लागले होते. पोर सासरी गेल्यावर घरात माणसं उरली तीन. शमुवेल, त्याची बायको दोर्कस आणि शमुवेलची म्हातारी आई चिमणाबाई.

गाव वारणेच्या अंगाला. गावाच्या खालच्या टोकाला ख्रिस्ती लोकांची थोडी घरं, मध्ये कौलारू चर्च, आणि मागं ओढ्यापर्यंत उतरत गेलेली रानं. त्यातली एक पट्टी शमुवेलची. दोर्कस हे नाव गावाच्या जिभेला कधी पेललं नाही. लग्न करून आली त्या आठवड्यातच ती दुरकाबाई झाली, ती आजतागायत. सासूही तिला दुरकाच म्हणायची.

चिमणाबाई एके काळी भांगलणीच्या बायकांची मुकादमीण होती. पंचक्रोशीत कुणाच्या उसात तण माजलं की चिमणाबाईला निरोप जायचा. तिचा आवाज मोठा, हात चालता आणि शिस्त कडक. बांधावर उभं राहून हुकूम सोडणारी ती नव्हती. टोळीत स्वतः एक पात धरायची, म्हणजे सगळ्या बायकांच्या ओळीत आपलीही एक पट्टी घेऊन खुरपं चालवायची. नवीन बाई रडकुंडीला यायची, पण तिच्या टोळीत एकदा टिकली की दुसऱ्या टोळीत जायची नाही.

हीच चिमणाबाई नातीच्या लग्नात मांडवात बसून शेजारणीला विचारायला लागली की नवरी कुणाची म्हणायची. लोक हसले. म्हातारपण, म्हणाले. पण पाऊस सुरू होईपर्यंत तिला न्हाणीघर सापडेना, आणि गणपती येईपर्यंत सून ओळखेना. लेकाला कधी ओळखायची, कधी पावणं म्हणून बसायला सांगायची. तेही चाललं असतं. न चालणारी गोष्ट म्हणजे तिनं जेवण सोडलं.

ताट पुढं ठेवलं की चिमणाबाई बाजूला सारायची.

"माझी सून रानात गेलीया. ती आली की जेवतो."

दोर्कस म्हणायची, आत्ती, मीच की ती. म्हातारी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि मान फिरवायची. दिवसातून चार वेळा हे व्हायचं. कधी दोन घास जायचे, कधी पाणीसुद्धा नाही. दारात बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आज काय पोटात गेलं नाही. समोरची बायडाबाई पदराखाली भाकरी झाकून आणायची आणि दोर्कसकडं अशी बघायची की जणू हिनं चुलीला कुलूप लावलंय. म्हातारी ती भाकरीही शिवायची नाही, पण हे बायडाबाई गल्लीत सांगायची नाही.

आंघोळ घालताना दोर्कसच्या हाताला सासूच्या पाठीचे मणके लागायचे. पोलक्याच्या बाह्या ढगळ झाल्या होत्या. कोडोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मेंदू वाळत चाललाय, औषध नाही, धीरानं भरवा, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. शमुवेलनं त्याच रात्री विषय काढला. मिरजेकडं म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे, तिथं नळीनं घालतात, हात बांधून ठेवतात म्हणजे नळी ओढून काढत नाहीत. आक्काला फोन केलाय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती येईल आणि आईला घेऊन जाईल. तोवर सोयाबीन हाताला लागलं म्हणजे झालं.

आक्का म्हणजे शमुवेलची थोरली बहीण रिबका. हातकणंगल्याला दिलेली. न्यावं हे दोर्कसच्याही मनाला शिवून गेलं होतं. एक रात्र सलग झोप मिळावी एवढंच तिला हवं होतं. पण हात बांधायचे हे तिला पटेना. त्या हातांनी कधी कुणाचं बांधून घेतलं नव्हतं.

संडे स्कूलमध्ये असताना दोर्कसनं बायबलातला प्रीतीचा अध्याय तोंडपाठ म्हणून स्टीलचा डबा बक्षीस मिळवला होता. प्रीतीचे गुण सांगताना शास्त्रानं सहनशीलता सगळ्यांच्या आधी मांडलीय, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण पाठ म्हणणं वेगळं आणि गिळगिळीत झालेला भात सहाव्यांदा घमेल्यात टाकणं वेगळं. तिची प्रार्थना आता आखूड झाली होती. पहाटे म्हशीच्या शेपटाशी बसून ती म्हणायची, प्रभू, आजचा दिस. पुढं काही सुचायचं नाही आणि म्हैसही थांबायची नाही.

ऊन पडलं त्या दिवशी सगळं गाव रानात धावलं. दोर्कसनं भाकऱ्या थापल्या, म्हातारीपुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, आत्ती, लवकर खावा, मला रानात जायचं हाय. चिमणाबाईनं ताट सारलं. दोर्कसनं पुढं केलं. तिनं परत सारलं. तिसऱ्या खेपेला दोर्कसनं तिची हनुवटी धरली आणि घास तोंडात कोंबला. म्हातारीनं तो तिच्या अंगावर थुंकला. दोर्कसनं ताटाला एवढ्या जोरात हात मारला की आमटी भिंतीवर उडाली आणि वाटी घरंगळत दारापर्यंत गेली. बाहेर बायडाबाईचा झाडू थांबला.

दोर्कस तशीच खाली बसली. मग फडकं घेऊन ती जमीन पुसायला लागली. चिमणाबाई तिच्या हाताकडं बघत होती. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर जुना मुकादमीचा भाव आला.

"नवी हाईस न्हवं? पात सपल्याबिगर न्ह्यारी न्हाय माझ्या टोळीत. समदीला सांगून ठेवलंय."

दोर्कसनं पुसता पुसता मान वर केली. मग फडकं ठेवून तिनं भाकरी धुतलेल्या कापडात बांधली, वर कांदा आणि ठेचा ठेवला, आणि सासूचा हात धरून म्हणाली, चला, दावा मला माझी पात.

रानात शमुवेलनं दोघींना येताना बघितलं आणि कपाळाला हात लावला. काढणीला माणूस मिळेना, एक बाई कमी पडली तर सांज होणार, आणि ही खुळ्या आईला घेऊन आली. चिमणाबाईच्या हातात विळा दिला तर तिनं टाकून दिला. खुरपं मागितलं. मग चिखलात उकिडवी बसून तिनं सोयाबीनला हात न लावता मधलं तण तेवढं काढत नेलं. काढलेल्या गवताचा ढीग बांधावर व्यवस्थित रचला. शेंगा जागच्या जागी. शमुवेल म्हणाला, झाली भांगलण, आता खत टाकूया की. दोर्कसनं त्याला डोळ्यानं गप्प केलं. ती पलीकडच्या टोकाकडून सासूच्या पातीवरचं सोयाबीन कापत आली आणि मध्यावर दोघी समोरासमोर भेटल्या.

"सपली," चिमणाबाई म्हणाली. पदरानं तोंड पुसलं, बांधावर बसली आणि सबंध भाकरी खाल्ली. शेवटचा तुकडा ठेच्याला पुसून घेतला.

मग हाच नेम झाला. रोज पात, मग न्याहरी. यात दोर्कसचा निम्मा दिवस जायचा. तिच्या वाटणीचं सोयाबीन उभंच राहिलं, परत पाऊस आला, आणि कडेच्या चार सऱ्या काळ्या पडून गेल्या. त्या सांजेला शमुवेलनं विळा खुंटीला न लावता दारात टाकला, ते दोर्कसला कळलं.

पीक निघालं, रान नांगरून झालं आणि नवी अडचण आली. काळ्या मोकळ्या मातीत पात कशाची धरणार? म्हातारीला बांधापाशी नेलं तर ती म्हणाली, हितं काय काम न्हाय, आणि परत फिरली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तेव्हा दोर्कस पाटी आणि कुदळ घेऊन गुंडूच्या रानात गेली. गुंडूचं रान शमुवेलच्या बांधाला लागून. माणूस मनानं बरा, पण आळशी आणि तोंडानं फटकळ. तो विहिरीच्या थारोळ्यावर तंबाखू मळत बसला होता. तिनं विचारलं, भावजी, बांधाकडंचं तण मुळासकट काढून नेऊ का?

"माझ्याकडं कोण शेंगा मागाय आलं, कोण कणसं मागाय आलं," गुंडू म्हणाला. "तण मागाय तुम्हीच पहिल्या, वैनी."

"तुमच्याकडंच लई हाय म्हणून आलो."

गुंडूला ते झोंबलं आणि हसूही आलं. काय करणार म्हणून त्यानं विचारलं. लावणार, दोर्कस म्हणाली. आणि खरंच तिनं घरामागच्या परसात वाफा बांधला, केना, लव्हाळा, माठ, सगळं मातीच्या गड्ड्यासकट आणून ओळीनं रोवलं आणि वर झारीनं पाणी घातलं. सकाळी म्हातारी एक ओळ खुरपायची आणि जेवायची. दुपारी ती झोपली की दोर्कस काढलेलं परत रोवायची, मेलेलं टाकून गुंडूच्या बांधावरनं नवं आणायची. लव्हाळ्याला तर रोवायचीही गरज नव्हती, तो आपसूक यायचा.

शेतकऱ्याच्या घरात तणाला पाणी घालणारी बाई गावानं कधी बघितली नव्हती. पोरीबाळी परसाच्या कुडावरनं डोकावून जायच्या. बायडाबाई म्हणाली, सासूचं खूळ सुनेला लागलं. शमुवेल म्हणाला, आता बाभळीला तेवढं खत घालायचं राहिलंय. रविवारी उपासना सुटल्यावर पाळकांनी चर्चच्या पायरीवर चारचौघांत तिला थांबवलं. त्यांनी वाईट मनानं म्हटलं नाही, त्यांना गंमत वाटली होती.

"दोर्कसबाई, शास्त्रात वैरी रात्री येऊन गव्हात निदणाचं तण पेरून जातो. तुम्ही दिवसाढवळ्या पेरताय म्हणे."

पुरुष हसले. दोर्कसनं पदर डोक्यावर ओढला आणि तिनंही जरा हसल्यासारखं केलं. सांगायचं तर किती सांगायचं. सांगत बसलं असतं तर घरी म्हातारीची न्याहरी चुकली असती. ती झपाझप घरी आली, हातातलं गीतांचं पुस्तक फळीवर ठेवलं आणि खुरपी काढली.

रिबका आली ती ठरल्याप्रमाणं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या गाडीनं. शमुवेल तिला स्टँडवरनं घेऊन आला. त्या दिवशी सकाळी म्हातारी उशिरा उठली होती, म्हणून पात दुपारवर गेली होती. रिबका घरातून थेट परसात आली आणि बघते तर काय, आई गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेली, हातात खुरपं, आणि भावजय पलीकडच्या टोकाला बसलेली.

"खुळी झाली म्हणून माझ्या आईला मजुरीला लावलीस व्हय?"

ती आणखी पुष्कळ बोलली. बायडाबाईनं फोनवर सांगितलं ते मला खोटं वाटलं होतं म्हणाली. जन्मभर उन्हात राबलेल्या बाईला शेवटाला तरी सावलीत बसू द्यावं एवढीही माया नाही म्हणाली. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतेस ना, असंही म्हणाली. शमुवेल मधे पडायला गेला तर दोर्कसनंच मान हलवून त्याला थांबवलं. रिबका रडत होती आणि रडणाऱ्या माणसाला उत्तर देऊ नये एवढं तिला कळत होतं.

रिबकानं आईला हाताला धरून आत नेलं. अर्धी पात तशीच राहिली. तिनं आईला आंघोळ घातली, धुतलेलं लुगडं नेसवलं, केस विंचरले, साजूक तुपातला शिरा केला. मांडीशी बसून चमचा पुढं केला. चिमणाबाईनं ओठ आवळून घेतले. रिबकानं लाडानं विचारलं, दटावून विचारलं, लहानपणचं गाणं म्हटलं. सांज झाली. शिरा थिजला.

"तू कोण म्हणायची बाई?" म्हातारी शेवटी म्हणाली. "माझी लेक हातकणंगल्याला असती."

रिबका चमचा धरून तशीच बसली. दोर्कसनं दिवा लावला, पाणी आणून ठेवलं. म्हातारीचं गाठोडं दाराजवळ बांधून तयार होतं. सकाळी नऊच्या गाडीनं दोघींनी निघायचं ठरलेलं. झोपायच्या वेळी दोर्कस रिबकाच्या अंथरुणापाशी आली आणि एवढंच बोलली.

"वन्सं, सकाळी जायच्या आधी एकवार तिला परसात येऊ द्या. मग न्या. मी आडवी येत न्हाय."

रिबकानं कूस बदलली.

सकाळी धुकं होतं. दोर्कसनं भाकऱ्या भाजल्या, फडक्यात बांधून परसाच्या पायरीवर ठेवल्या आणि दोन खुरपी घेतली. जरा थांबून तिसरंही घेतलं. चिमणाबाई खुरपं बघताच उठली. वाफ्यापाशी येऊन तिनं ओळी बघितल्या, एक दोर्कसला नेमून दिली, आणि मागं उभ्या असलेल्या रिबकाकडं वळून म्हणाली, बघत काय उभारलीस, धर की पात. रिबकानं भावजयीकडं बघितलं. मग चप्पल काढली, साडी खोचली आणि खाली बसली.

तिघी खुरपायला लागल्या. म्हातारीचा हात अजून चालत होता. बाकी सगळं विसरलं होतं, पण खुरप्याचा तिरका घाव आणि मुळाला दिलेला झटका मनगटात शाबूत होता. दोर्कस तिच्या बरोबरीनं सरकत होती. रिबकाची सवय मोडून वर्षं झाली होती. गुडघे बोलायला लागले, लव्हाळा तुटून हातात यायचा आणि गाठ जमिनीतच राहायची. ती मागं पडली.

चिमणाबाईची पात संपली. दोर्कसचीही संपली. दोर्कसनं पायरीवरचं फडकं सोडलं आणि आत्ती, या, म्हणाली. म्हातारी आली नाही. तिनं मागं वळून रिबकाकडं बघितलं, उठली, गुडघ्यावर हात टेकत टेकत रिबकाच्या पातीच्या पल्याडच्या टोकाला गेली आणि तिथून तिच्याकडं खुरपत यायला लागली. रिबका ओशाळून म्हणाली, राहू दे आई, करतो मी, तू जेव.

"एकीला मागं ठिवून टोळी जेवत न्हाय," चिमणाबाई खाली बघूनच म्हणाली. आवाजात राग नव्हता, नव्या बाईला रीत सांगावी तसा होता. "माझी सून अजून रानात हाय. तिची पात राहिलीया. म्हणून मी कवाधरनं जेवलो न्हाय. दमल्यालं माणूस, एकटीच हाय तिकडं."

दोर्कसच्या हातात भाकरीचा तुकडा होता. गेले दोन महिने आपण म्हातारीचा हेकटपणा सोसतोय असं तिला वाटत होतं. गल्लीला तर सूनच म्हातारीला छळते असं वाटत होतं. म्हातारी उपाशी राहून तिचीच वाट बघत होती, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. वाफ्यापाशी का जेवते, हेही तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. पात संपवून दोघी समोरासमोर आल्या की म्हातारीच्या हिशेबी त्या दिवसापुरती टोळी पुरी होत असणार.

रिबकाचं खुरपं थांबलं होतं. ती भावजयीकडं बघत होती. दोर्कस वाफ्यात उतरली, सासूच्या समोर उकिडवी बसली. मीच ती, असं यावेळी ती म्हणाली नाही.

"आत्ती, दुरका आली. तिची पात सपली."

चिमणाबाईनं मान वर केली. "सपली?"

"सपली."

"समदी?"

"समदी. हातपाय धुतीया."

म्हातारीनं खुरपं मातीत टोचून ठेवलं. "मग वाढ की," म्हणाली.

तिघी पायरीवर बसून जेवल्या. धुकं वर गेलं. पलीकडनं गुंडू बैल घेऊन निघाला होता, तो कुडाशी थांबून म्हणाला की वैनी, यंदा तुमचं तण माझ्यापरीस जोरात हाय. रिबका हसली नाही, पण तिनं भाकरीचा अर्धा भाग मोडून दोर्कसच्या हातावर ठेवला. नऊची गाडी निघून गेली. ती दुपारच्या गाडीनं एकटी परतली. जाताना तिनं दारातलं गाठोडं उचलून आत फळीवर ठेवलं आणि समोर बायडाबाईच्या ओट्यावर जाऊन काहीतरी बोलून आली. काय बोलली ते दोर्कसनं विचारलं नाही.

नाताळपर्यंत वाफा चालला. नंतर चिमणाबाईला उकिडवं बसवेना, आणि जानेवारीपासून ती बाजेवरच राहिली. मग पातीशिवाय न्याहरी व्हायला लागली, पण तिला आधी टोळी मोजायची असायची. ती एकेक नाव घ्यायची. त्यातल्या बहुतेक बायका कधीच मातीत गेलेल्या. दोर्कस पेजेची वाटी धरून प्रत्येक नावाला आली, आली म्हणायची. एखादं नाव म्हातारी दोनदा घ्यायची, मग दोनदा. पेज निवायची, ती उठून परत कोमट करून आणायची, आणि तेवढ्यात म्हातारी पहिल्यापासून सुरू करायची. शमुवेल दारात बसून ऐकायचा. एकदा दोर्कस म्हशीला घेऊन गेलेली असताना त्यानं वाटी घेतली आणि आली, आली म्हणत निम्मी पेज घातली. दुरकाचं नाव नेहमी शेवटी यायचं. ती आली म्हटलं की चिमणाबाई तोंड उघडायची.

समोर बसलेल्या बाईला तिनं शेवटपर्यंत ओळखलं नाही.

दोन हजार तेवीस साली, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी, मार्चच्या एकोणतीस तारखेला सकाळी न्याहरी झाल्यावर चिमणाबाई वारली.